घरचा साबण, मागवलेली लिपस्टिक आणि कायदा: सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान उत्पादकांची परवान्याची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं रोजचं काम. फोन सहसा दोन वेळा येतात. साबणाची पहिली वडी साच्यातून सुबक निघाली की एक, आणि औषध निरीक्षक येऊन गेले की दुसरा. पहिल्या फोनवर कायद्याचं नाव काढलं की माणूस हिरमुसतो. दुसऱ्या फोनवर त्याला दुसरं काही ऐकायचंच नसतं. प्रश्न मात्र दोन्ही वेळा जवळपास तेच असतात. भारतातल्या नियमांपुरती त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

कायद्याच्या नजरेत सौंदर्यप्रसाधन म्हणजे नेमकं काय?

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३ मध्ये व्याख्या आहे. शरीराला चोळायची, ओतायची, भुरभुरायची, फवारायची किंवा आणखी कुठल्या तऱ्हेने लावायची वस्तू. आणि तीही स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी, आकर्षकपणा वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी. म्हणजे लिपस्टिक-पावडर तर आलीच, पण अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, काजळ, अत्तर, सनस्क्रीन हेही आलं. सौंदर्यप्रसाधनात घालायचा घटक म्हणून विकली जाणारी वस्तूसुद्धा याच व्याख्येत बसते.

या व्याख्येत सगळं वजन ‘कशासाठी’ या शब्दावर आहे. डबीत काय भरलंय हे नंतर; तुम्ही ते काय म्हणून विकताय हे आधी बघितलं जातं. खोबरेल तेलाचंच घ्या. छोट्या बाटलीतलं खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद वर्षानुवर्षं चालून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. खटला कराच्या वर्गवारीचा होता, पण त्यातही बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही, वेष्टनावर ते काय म्हणून विकलंय हे बघावं लागतं, असंच न्यायालयाने म्हटलं. तेल तेच, लेबल बदललं की घर बदलतं. ही गोष्ट पुढच्या बऱ्याच उत्तरांत पुन्हा येणार आहे.

नियम नक्की कोणते लागू आहेत? इंटरनेटवर फॉर्म ३१, फॉर्म ३२ अशी नावं दिसतात.

ती जुनी झाली. आधी सौंदर्यप्रसाधनांचे नियम औषधांच्या १९४५ च्या नियमांतच एका कोपऱ्यात होते आणि फॉर्म ३१, ३२ तिथले. १५ डिसेंबर २०२० च्या राजपत्रात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आले आणि हा संसार वेगळा झाला. आता फॉर्मचं नाव ‘सीओएस’ने सुरू होतं. कुणी सल्लागार तुम्हाला आजही फॉर्म ३१ भरायला सांगत असेल, तर त्याने गेली काही वर्षं राजपत्र उघडलेलं नाही एवढं समजा. २०२० च्या नियमांतही नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे मूळ अधिसूचनेची पीडीएफ जपून ठेवण्यापेक्षा दुरुस्त्यांसह असलेला मजकूर वाचावा.

अंमलबजावणी दोन पातळ्यांवर आहे. आयातीची नोंदणी केंद्राकडे, म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे. देशात बनवण्याचा परवाना राज्याकडे. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाचं.

मी फक्त विकतो, बनवत नाही. मला परवाना लागतो का?

नाही. औषधाच्या दुकानाला लागतो तसा विक्रीचा वेगळा परवाना सौंदर्यप्रसाधनांना नाही. हे ऐकून बहुतेक जण फोन ठेवायला निघतात, म्हणून लगेच पुढचं वाक्य बोलावं लागतं: बिनपरवाना बनलेला, बनावट किंवा भेसळीचा माल तुमच्या फळीवर सापडला, तर तो विकल्याचा गुन्हा तुमच्यावरही लागतो.

तुमचं चिलखत म्हणजे खरेदीचं बिल. निरीक्षकाने विचारलं तर माल कुणाकडून घेतला त्याचं नाव-पत्ता सांगणं कलम १८-अ नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि कलम १९ मध्ये विक्रेत्याला बचावही दिलाय: माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा त्याच्या वितरकाकडून घेतला, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि आला तसाच नीट साठवून ठेवला, हे दाखवता आलं पाहिजे. गाडीवरून रोखीने घेतलेल्या काजळाच्या डझनभर कांड्यांबद्दल यातलं पहिलंच दाखवता येत नाही.

घरी चार मैत्रिणींसाठी क्रीम बनवते. एवढ्याशा धंद्यालाही परवाना?

विकत असाल तर हो. खाद्यपदार्थांत छोट्या व्यावसायिकाला साधी नोंदणी पुरते, तशी सवलत इथे नाही. महिन्याला दहा डब्या असोत की दहा हजार, विक्रीसाठी बनवायचं तर उत्पादनाचा परवाना हवा. उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, कुठल्याशा खासगी संस्थेचं चकचकीत प्रमाणपत्र, यातलं काहीही त्याची जागा घेत नाही.

दुसरी अडचण जागेची. नियमांच्या सातव्या अनुसूचीत उत्पादनाच्या जागेबद्दल लिहिलंय. ती जागा राहण्यासाठी वापरलेली नको आणि राहत्या घराला आतून जोडलेलीही नको. भिंती जमिनीपासून ६ फुटांपर्यंत गुळगुळीत आणि धुता येण्यासारख्या हव्यात. क्रीम, लोशन, शाम्पू यांसाठी २५ चौरस मीटर, पावडरीसाठी १५ चौरस मीटर जागेची शिफारस आहे. थोडक्यात, स्वयंपाकघराचा ओटा कितीही लख्ख असला तरी तिथे परवाना मिळत नाही. बंगल्याच्या आवारातली, स्वतंत्र दार असलेली खोली चालू शकते. बेडरूममधून आत जाणारी नाही.

हे कडक वाटतं हे मला मान्य आहे. पण पाणी असलेलं क्रीम म्हणजे जिवाणूंना घातलेली पंगत. फोडणीचा डबा आणि कोरफडीचा गर एकाच फळीवर असलेलं ‘युनिट’ मी पाहिलंय. त्या डबीचं झाकण पंधरा दिवसांनी उघडलं तेव्हा आत काळसर बुरशीचे ठिपके होते, आणि बनवणारी बाई अगदी प्रामाणिकपणे सांगत होती, “यात एकही केमिकल नाही हो.” तेच तर झालं होतं. टिकवणारं काहीच घातलं नव्हतं.

परवान्यासाठी काय काय करावं लागतं?

स्वतःच्या कारखान्यासाठी अर्ज सीओएस-५ मध्ये, मंजूर झालेला परवाना सीओएस-८ मध्ये. अर्ज ऑनलाइन. शुल्क नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि ते उत्पादनांच्या संख्येनुसार वाढतं. म्हणून सुरुवातीलाच चाळीस प्रकारची यादी लावायची हौस आवरा. जे सहा महिन्यांत खरंच बाजारात येणार आहे तेवढंच लिहा.

कागदांत जागेचा नकाशा, मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार, यंत्रांची यादी आणि उत्पादनांची घटकांसह यादी लागते. उत्पादन पात्र तांत्रिक माणसाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं: औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा नियमांत दिलेल्या इतर पात्रतांपैकी एखादी असलेला, पूर्णवेळ नेमलेला माणूस. गाडं अडतं ते बहुधा इथेच. नातेवाइकातल्या कुणा फार्मासिस्टचं प्रमाणपत्र ‘लावून टाकू’ हा मोह होतो. तो माणूस दिवसभर दुसऱ्याच मेडिकलमध्ये बसलेला असतो आणि तपासणीच्या दिवशी त्याला तुमच्या मिक्सरचं बटण कुठे आहे हे माहीत नसतं.

तपासणीत काय बघतात? मी हजर होते त्यातल्या एकीचं सांगते. निरीक्षकांनी नव्याकोऱ्या स्टीलच्या मशिनकडे नजरही टाकली नाही. ते थेट कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिंपाकडे गेले. पिंपावर काहीच लिहिलेलं नव्हतं. “यात काय?” “ग्लिसरीन.” “कशावरून?” मालकाने झाकण उघडून बोट बुडवलं. त्यानंतरचा तास कच्च्या मालाच्या नोंदी, तो कधी आला, कुणी तपासला, कोणत्या बॅचला किती गेला, यातच गेला. प्रत्येक पिंपावर नाव, तारीख आणि ‘तपासणी बाकी’ की ‘मंजूर’ एवढी चिठ्ठी असती, तर चहा गरम असताना सगळे उठले असते.

दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून माझ्या नावाने विकता येईल का?

येईल, आणि सुरुवातीला मी हेच सुचवते. दोन वाटा आहेत. एक, परवानाधारक उत्पादकाकडून माल बनवून घ्यायचा. परवाना त्याचा, जबाबदार उत्पादक तो, लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं नाव-पत्ता आणि विपणन करणारा म्हणून तुमचं. दुसरी, लोन लायसन्स. नावात लोन असलं तरी कर्जाशी काही संबंध नाही. दुसऱ्याच्या जागेत, त्याच्या यंत्रांवर तुम्ही स्वतः उत्पादक म्हणून माल बनवता. अर्ज सीओएस-६, परवाना सीओएस-९. यात उत्पादक म्हणून उत्तर द्यायला तुम्ही उभे राहता, हे विसरू नका.

पहिल्या वाटेने जाताना उत्पादकाला नुसतं “लायसन्स आहे ना?” असं विचारू नका. परवान्याची प्रत मागा आणि त्यासोबतची मंजूर उत्पादनांची यादीही मागा. फेसवॉशची मंजुरी असलेल्या कारखान्यात तुमचं हेअर सीरम मुकाट बनवून दिलं जातं, आणि त्या सीरमवर छापलेला परवाना क्रमांक खरा असूनही उपयोगाचा नसतो.

लेबलवर काय काय लिहायचं?

हातात एक ५० ग्रॅमची क्रीमची डबी घेऊन बघू या. आतल्या डबीवर आणि बाहेरच्या खोक्यावर, दोन्हीकडे उत्पादनाचं नाव आणि उत्पादकाचं नाव-पत्ता. मग बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, आणि कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत वापरायचं ते. मग घटकांची यादी: घालतानाच्या वजनानुसार किंवा आकारमानानुसार जास्तीकडून कमीकडे. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. उत्पादनात काही धोका असेल तर सुरक्षित वापराची सूचना आणि इशारा.

क्रम खोटा लिहिण्याचा मोह ओळखीचा आहे. डबीवर केशराचं चित्र, यादीत केशर पहिलं आणि पाणी सातवं. ज्याला यादी वाचता येते तो ही डबी खाली ठेवतो. ज्याला कायदा वाचता येतो तो ती उचलून पिशवीत घालतो.

हे झालं सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांचं. दुसरा कायदा वैधमापनाचा: २००९ चा अधिनियम आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम. त्यांच्यानुसार निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल लागतो. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी सोबत जरूर छापा, पण फक्त मराठी पुरत नाही. उत्पादक आणि पॅकबंद करणाऱ्याची नोंदणीही याच नियमांखाली करावी लागते. लोकांना परवाना मिळाल्याच्या आनंदात हिचा हमखास विसर पडतो.

छोट्या पॅकला काही सूट आहे. द्रव ६० मिलीपेक्षा कमी किंवा घन-अर्धघन ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर घटकांची यादी सक्तीची नाही. १० ग्रॅमपर्यंतच्या घन आणि २५ मिलीपर्यंतच्या द्रव मालाला बॅच क्रमांकाची सक्ती नाही. पूर्ण पत्ता मावतच नसेल इतकी डबी चिमुकली असेल तर उत्पादकाचं नाव, उत्पादनाचं मुख्य ठिकाण आणि पिन कोड. माझं मत विचाराल तर यादी आणि बॅच क्रमांक तरीही छापा. एखाद्या लिपबामची तक्रार आली आणि बॅच माहीत नसली, तर सगळाच माल परत बोलवावा लागतो.

एक पदरची चूकही सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका क्लायंटला मी म्हणाले, परवाना आठवड्यात येईल, लेबलं टाका छापायला. क्रमांकाची जागा कोरी सोडा, शिक्का मारू. परवाना आला, पण मंजूर यादीत उत्पादनाचं नाव ‘स्किन क्रीम’ होतं आणि लेबलवर ‘ट्रीटमेंट क्रीम’. शिक्क्याने क्रमांक आला असता, नाव कसं बदलणार? दोन हजार लेबलं रद्दीत गेली. तेव्हापासून मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय मी छापखान्याचा फोन घेत नाही.

केसांच्या रंगाला वेगळा नियम आहे म्हणतात?

आहे, आणि तो सक्त आहे. पॅराफिनायलिनडायअमीन, म्हणजे बाजारात ज्याला पीपीडी म्हणतात, ते किंवा त्या जातीचे रंग असतील तर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो: काहींच्या त्वचेला यातले घटक त्रासदायक ठरू शकतात, म्हणून आधी चाचणी घ्यावी, भुवया आणि पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं. चाचणी कशी घ्यायची याची माहितीही द्यायची: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास थांबायचं, खाज किंवा लाली आली तर तो रंग वापरायचा नाही.

‘शुद्ध काळी मेंदी’ विकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मेंदीचं पान केसांवर काळंभोर चढत नाही, ते तांबूस-भगवंच रंगतं. कोनातून पंधरा मिनिटांत काळा रंग चढत असेल तर आत मेंदीशिवाय आणखी काहीतरी आहे.

कोणते घटक चालत नाहीत?

भारतीय मानक आयएस ४७०७ जवळ ठेवा. त्याच्या पहिल्या भागात रंग आहेत, दुसऱ्यात बंदी असलेले आणि मर्यादित प्रमाणातच चालणारे घटक. शिवाय प्रत्येक वस्तूचं स्वतःचं मानक असतं: स्किन क्रीमला आयएस ६६०८, लिपस्टिकला आयएस ९८७५, अंगाच्या साबणाला आयएस २८८८. नियमांतल्या मानकांच्या यादीत तुमची वस्तू असेल तर त्या मानकात बसणं ऐच्छिक राहत नाही.

धातूंबद्दल आकडे पाठ असू द्या. रंग देण्यासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला मनाई आहे. परवानगी असलेल्या रंगांतही आर्सेनिक २ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत २ भाग), शिसं २० पीपीएम आणि शिसं सोडून इतर जड धातू १०० पीपीएमच्या वर नकोत. पारा जाणूनबुजून घालता येत नाही. अजाणता आलेला असेल तरी १ पीपीएमच्या आत हवा. फक्त डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक (माल टिकवणारा घटक) म्हणून त्याची मर्यादा ७० पीपीएम ठेवली आहे.

हा १ पीपीएमचा आकडा कागदी नाही. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीमं वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याच्या बातम्या आल्या आणि संशयाचं बोट पाऱ्याकडे गेलं. आठवड्यात उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा नसेल तर बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडं २०१८ मध्ये अनुसूची एच मध्ये गेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही औषधंच. यातलं काही ‘नाइट क्रीम’च्या नावाखाली विकलं, तर तुमची केस सौंदर्यप्रसाधनांच्या फाइलमध्ये राहत नाही, औषधांच्या जाड फाइलमध्ये जाते.

‘आयुर्वेदिक’ लिहिलं की हे सगळं टळतं का?

टळत नाही, टेबल बदलतं. आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर परवाना आयुर्वेदिक औषधांच्या तरतुदींखाली, फॉर्म २५-ड मध्ये. तिथे ‘सौंदर्य प्रसादक’ असा वर्गच आहे. त्याचे घटक, ग्रंथाधार, उत्पादनाचे निकष सगळं वेगळं. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर बनवून पुढच्या बाजूला ‘आयुर्वेदिक’ छापणं म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

‘हर्बल’ आणि ‘नैसर्गिक’ या शब्दांनी परवान्याचा प्रकार बदलत नाही, पण पुरावा मागितला जाऊ शकतो. पर्यावरणाचे फसवे दावे रोखण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’, ‘शुद्ध’ असे मोघम शब्द आधाराशिवाय वापरू नका असं आहे.

जाहिरातीत काय बोलता येतं?

पहिलं उत्तर आठवा: तुम्ही म्हणाल ते उत्पादन होतं. “त्वचा मऊ वाटते” म्हणालात तर क्रीम. “इसब बरा होतो” म्हणालात तर तेच क्रीम औषध झालं, आणि औषधाचा परवाना तुमच्याकडे नाही. मी क्लायंटला क्रियापदं तपासायला सांगते. स्वच्छ करतं, झाकतं, मऊ ठेवतं, उजळ दिसतं, सुगंध देतं: ही प्रसाधनाची क्रियापदं. बरं करतं, थांबवतं, मुळापासून घालवतं, पुन्हा उगवतं: ही औषधाची. “केस गळणं थांबवतं” आणि “तुटल्यामुळे होणारी केसगळती कमी करतं” यांत मराठी वाचकाला फार फरक वाटणार नाही, निरीक्षकाला वाटतो.

खोटी किंवा दिशाभूल करणारी कल्पना मनात उभी करणारा दावा लेबलवर करायला सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतच मनाई आहे. रोगांच्या बाबतीत १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

हा दंड जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. तुमची भाची रीलमध्ये फुकट मिळालेलं सीरम लावून दाखवत असेल, तर ते फुकट मिळालंय, किंवा तिचं तुमच्याशी नातं आहे, हे तिने स्पष्ट सांगायला हवं. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी लपवलेलं नव्हे, पटकन दिसेल असं.

परदेशातून मागवून विकायचं आहे. पार्सल तर सहज येतं!

पार्सल येतं, नोंदणी येत नाही. प्रवासात स्वतःपुरतं थोडं आणणं वेगळं. विकायचं म्हटलं की आयात नोंदणी प्रमाणपत्र हवं. अर्ज सीओएस-१, प्रमाणपत्र सीओएस-२, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर. परदेशी उत्पादक, त्याचा अधिकृत प्रतिनिधी, भारतातली उपकंपनी किंवा आयातदार यांपैकी कुणीही अर्ज करू शकतो. त्याच्या देशात ते उत्पादन खुलेपणी विकलं जातं याचा दाखला आणि उत्पादनाचा तपशील लागतो. मूळ देशातच ज्याच्यावर बंदी आहे ते इथे विक्रीसाठी आणता येत नाही. पॅकवर नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्रधारकाचं नाव-पत्ता हवा. डबीवर सगळी माहिती कोरियन लिपीत आणि आयातदाराचा पत्ताच नाही, असा शीट मास्क फळीवर असेल तर तो कसा आला हे विचारायला निरीक्षकाला कोरियन यावं लागत नाही.

मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्यांत भरून विकलं तर?

कायद्यातल्या ‘उत्पादन’ शब्दात विक्रीसाठी भरणं, पॅक करणं आणि लेबल लावणंही येतं. किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या ओघात पुडी बांधून देणं त्यातून वगळलंय, पण २०० मिलीच्या परफ्यूममधून १० मिलीच्या वीस कुप्या भरून त्यांच्यावर स्वतःचं स्टिकर लावून ऑनलाइन विकणं त्या ओघात बसवायला चांगला वकील लागेल. मी बसवायला जात नाही.

ऑनलाइन विकताना आणखी काय?

पॅकवरच्या सक्तीच्या माहितीतली बहुतेक माहिती उत्पादनाच्या पानावरही दिसली पाहिजे: किंमत, निव्वळ माप, उत्पादक किंवा आयातदार, मूळ देश. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क द्यायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून ऑर्डर घेता म्हणून तुम्ही कायद्याबाहेर जात नाही. उलट स्क्रीनशॉट हा फार टिकाऊ पुरावा असतो.

प्राण्यांवर चाचणी केली पाहिजे का?

करताच येत नाही. २०१४ पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही बंदी आली.

निरीक्षक नमुना घेऊन गेले. आता?

आधी घाबरणं थांबवा, मग कागद गोळा करा. नमुन्याची वाजवी किंमत ते देतात आणि लेखी सूचना देतात, ती जपा. नमुन्याचे साधारण चार भाग करून मोहोरबंद करतात. त्यातला एक तुम्हाला मिळतो, तो फ्रिजवर किंवा खिडकीत ठेवू नका. एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी, आणि माल तुम्ही दुसऱ्याकडून घेतला असेल तर एक त्याला.

अहवाल विरुद्ध आला तर तारीख लिहून ठेवा. अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत, तुम्ही त्याला आव्हान देणारा पुरावा देणार असं लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो अहवाल पक्का पुरावा ठरतो. लोक हे दिवस ‘वरती ओळख’ शोधण्यात घालवतात. एकोणतिसाव्या दिवशी ओळख सापडते.

शिक्षा किती?

बनावट किंवा भेसळयुक्त सौंदर्यप्रसाधन बनवलं किंवा विकलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तेवढा दंड. ‘बनावट’मध्ये दुसऱ्याच्या ब्रँडची नक्कल येते, तसंच अस्तित्वात नसलेल्या उत्पादकाचं नाव छापणंही येतं.

ग्राहकाला पुरळ आलं असं कळवलं. काय करू?

माफीचा इमोजी पाठवून संवाद मिटवू नका. डबीचा, बॅच क्रमांकाचा आणि त्वचेचा फोटो मागवा, वापर थांबवायला सांगा, डॉक्टरांकडे जायला सांगा. मग त्या बॅचची तुमच्याकडे राखून ठेवलेली डबी काढा. राखून ठेवली नसेल तर आजच्या बॅचपासून दोन डब्या बाजूला काढायला लागा. वास, रंग, पोत बघा, गरज वाटली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. त्याच बॅचची दुसरी तक्रार आली तर विक्री थांबवा. तिसरीची वाट बघू नका. आणि हो, ग्राहकालाही स्वतः पैसे भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. कलम २६ वाचलेले ग्राहक कमी आहेत, पण आहेत.

परवान्याचं दर वर्षी नूतनीकरण करायचं का?

नाही. परवान्याला अंतिम तारीख नसते, पण दर ५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत तो चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. पाच वर्षांत फोन बदलतो, ईमेलचा पासवर्ड विसरतो आणि अर्ज भरलेला मुलगा नोकरी सोडून जातो. पोर्टलचा लॉगिन मालकाच्या नावावर घ्या आणि शुल्काची तारीख कारखान्याच्या भिंतीवर, ६ फुटांच्या वर, जिथे धुताना पुसली जाणार नाही तिथे लिहून ठेवा.